विकेंद्रित समाजमाध्यमे : नियंत्रण कोणाचे, डेटा कोणाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते कंपनीने बंद केले. निमित्त होते १९३६ सालच्या एका छायाचित्राचे. हॅम्बुर्गच्या गोदीत नाझी सलामी देणाऱ्या गर्दीत एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, ते हे छायाचित्र. त्यानंतरच्या काही आठवड्यांत भारतातील पुष्कळ लोकांनी मॅस्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमावर खाती उघडली आणि त्यांपैकी बरेच जण थोड्याच दिवसांत परतलेही. त्या वेळी मी नवख्या मंडळींना जी उत्तरे देत होतो, ती आज वाचली तर त्यांतली निम्मी भाबडी वाटतात. खालील उत्तरे त्यानंतरच्या अनुभवावर बेतलेली आहेत.

विकेंद्रित समाजमाध्यम म्हणजे नेमके काय?

ज्या समाजमाध्यमात सर्व खाती एकाच कंपनीच्या यंत्रांवर नसून वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांवर असतात, आणि तरीही ती खाती एका सामायिक नियमावलीमुळे एकमेकांशी बोलू शकतात, ते विकेंद्रित समाजमाध्यम होय. ईमेलमध्ये हे आपण रोज पाहतो. मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर ऑयगेन रोखको या जर्मन प्रोग्रामरने २०१६ मध्ये आणले. ते ज्या नियमावलीवर चालते ती अ‍ॅक्टिव्हिटीपब होय, आणि जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ब्लूस्काय हे समाजमाध्यम एटी प्रोटोकॉल नावाच्या दुसऱ्या नियमावलीवर उभे आहे, तर नोस्टर या तिसऱ्या जाळ्याची घडण या दोन्हींपेक्षा निराळी आहे. तिघांनाही ‘विकेंद्रित’ हेच विशेषण लावले जाते. मात्र नियंत्रण कोणाच्या हाती, या प्रश्नाला तिघांची उत्तरे वेगळी आहेत आणि गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते.

म्हणजे येथे मालक कोणीच नसतो का?

असतो. एका मोठ्या जमीनदाराऐवजी अनेक लहान घरमालक, एवढाच फरक. ज्या सर्व्हरवर आपले खाते आहे त्याचा अ‍ॅडमिन, म्हणजे तो चालवणारा माणूस, ते खाते गोठवू शकतो, पुसू शकतो, सर्व्हरच बंद करू शकतो, आणि यातील कशासाठीही त्याला आपली परवानगी लागत नाही. नवागतांना ‘येथे कोणीही तुम्हाला काढू शकत नाही’ असे सांगितले जाते ते चूक आहे. फरक पडतो तो काढल्यानंतर. एका घरमालकाने बाहेर काढले तर त्याच गावात दुसरे घर मिळते, आणि ओळखीपाळखीची माणसे बव्हंशी तीच राहतात.

आक्षेपार्ह मजकूर कोण काढतो?

मॅस्टोडॉनच्या जाळ्यात याची तीन पातळ्यांवर विभागणी झालेली आहे. पहिल्या पातळीवर आपण स्वतः असतो. एखाद्या व्यक्तीला म्यूट किंवा ब्लॉक करणे, ठराविक शब्द गाळणे, इतकेच काय पण एक संपूर्ण सर्व्हर स्वतःपुरता अडवणे आपल्याला शक्य असते. दुसऱ्या पातळीवर आपल्या सर्व्हरचे मॉडरेटर, म्हणजे मजकुरावर देखरेख ठेवणारे, असतात आणि त्यांनी लिहिलेले नियम त्या सर्व्हरपुरते लागू असतात. तिसरी पातळी सर्व्हर-सर्व्हरमधील संबंधांची आहे. समोरच्या सर्व्हरवरील मजकूर आपल्याकडच्या सार्वजनिक यादीत न दाखवता फक्त त्याच्या फॉलोअरांनाच दिसू देणे, त्याची चित्रे न स्वीकारणे, किंवा त्याच्याशी संबंधच तोडणे, असे पर्याय अ‍ॅडमिनपुढे असतात.

शेवटचा पर्याय कठोर असून त्याची झळ निरपराध लोकांनाही बसते. दोन अ‍ॅडमिनांचे भांडण झाले की दोन्हीकडच्या शेकडो लोकांचे परस्परांतील फॉलो एका क्षणात तुटतात, आणि पूर्वी तर हे घडल्याचे कळतही नसे. मॅस्टोडॉनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत निदान तशी सूचना येते. माझ्या मते या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि विकेंद्रीकरणाचे समर्थक त्याविषयी कमी बोलतात.

दुसऱ्या सर्व्हरवरील व्यक्तीची तक्रार करताना ‘ही तक्रार मूळ सर्व्हरलाही पाठवावी का’ असा पर्याय दिसतो. तो निवडल्यास तिकडे तक्रारदाराचे नाव जात नाही, आपल्या सर्व्हरचे नाव जाते. मात्र अगदी लहान सर्व्हरवर दोन-तीनच माणसे असतील, तर तक्रार कोणी केली हे ओळखायला फार हुशारी लागत नाही.

एखादा सर्व्हरच द्वेष पसरवण्यासाठी उभारला असेल तर?

त्याला उभे राहण्यापासून कोणीही रोखू शकत नाही, कारण सॉफ्टवेअर मुक्त आहे. जुलै २०१९ मध्ये गॅब हे अतिउजव्या लोकांचे अमेरिकी समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आले आणि एका रात्रीत या जाळ्यातील सर्वांत मोठ्या सर्व्हरांपैकी एक झाले. मात्र बहुसंख्य अ‍ॅडमिनांनी त्याच्याशी संबंध तोडले, मोबाइल अ‍ॅप बनवणाऱ्या कित्येकांनी त्याचा पत्ताच अ‍ॅपमध्ये अडवला, आणि पुढे गॅबने स्वतःच इतरांशी जोडणी सोडून दिली. म्हणजे गॅब बंद पडले नाही, वाळीत पडले. वाळीत टाकणे हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने वापरला जात नाही, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. त्यामुळे हे हत्यार कोणाच्या हाती आहे आणि ते कशासाठी उगारले जाते, याकडे मराठी वाचकाने जरा अधिक सावधपणे पाहावे.

बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांबाबत परिस्थिती याहून बिकट आहे. स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीच्या संशोधकांनी जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, दोन दिवसांत तपासलेल्या सुमारे ३,२५,००० पोस्टांमध्ये अशा आधीच ज्ञात असलेल्या चित्रांशी ११२ जुळण्या सापडल्या. अशी चित्रे आपोआप ओळखणारी यंत्रणा मोठ्या कंपन्यांकडे असते. वर्गणीवर चालणाऱ्या सर्व्हरांपैकी बहुतेकांकडे ती नव्हती.

मराठीतील शिवीगाळ परदेशातल्या मॉडरेटरला कशी कळणार?

बहुतेक वेळा कळत नाही, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही उत्तर फारसे वेगळे नाही. सरळ शिवी भाषांतर-यंत्रात टाकल्यावर निदान शिवी म्हणून बाहेर येते. जातिवाचक टोमण्याचे तसे होत नाही. एखाद्याच्या आडनावावरून मारलेला शेरा, ‘तुमच्या लोकांना काय, फुकटचेच मिळते’ यासारखे वाक्य, किंवा एखाद्या पेशाचा विशिष्ट सुरात केलेला उल्लेख भाषांतरात इतका निरुपद्रवी दिसतो की ‘यात नियमभंग आढळला नाही’ असे उत्तर येणे स्वाभाविक ठरते. येथे मॉडरेटरची नियत वाईट नसते, त्याला संदर्भ ठाऊक नसतो.

त्यातल्या त्यात दिलासा असा की मॅस्टोडॉनची मूळ संस्था चालवत असलेल्या मॅस्टोडॉन डॉट सोशल या सर्व्हरच्या नियमांत वंशवाद आणि लिंगभेद यांच्या पंक्तीला जातिवादाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तक्रार करताना त्या नियमावर बोट ठेवावे, आणि टिपणीच्या रकान्यात साध्या इंग्रजीत दोन वाक्ये लिहावीत : मूळ शब्दांचा अर्थ काय, आणि तो अपमान का ठरतो. नुसती तक्रारीची कळ दाबून थांबणे व्यर्थ आहे. ‘आपला माणूस’ मॉडरेटर असलेला सर्व्हर हा यावरचा खरा उपाय, पण आपला माणूस स्वतः पक्षपाती निघाला तर काय करायचे, हा प्रश्न तेथेही उरतोच.

ब्लूस्कायवरील ‘लेबल’ ही कल्पना काय आहे?

ब्लूस्काय ही ट्विटरच्या पोटातून निघालेली योजना आहे. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी ती डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती निमंत्रणाशिवाय सर्वांना खुली झाली. मजकूर साठवणे, तो गोळा करणे, त्यावर शेरे मारणे आणि तो दाखवणे ही कामे येथे वेगवेगळी केलेली आहेत. शेरा मारण्याचे, म्हणजेच लेबल लावण्याचे काम कंपनीबाहेरचा कोणताही गट करू शकतो आणि कोणाच्या लेबलांवर विश्वास ठेवायचा हे वापरकर्ता ठरवतो. एखाद्या गटाने जातिवाचक मजकुराला लेबल लावायचे ठरवले, तर ज्यांना तो मजकूर नको आहे ते त्या गटाची सेवा सुरू करून तो झाकू शकतात. अर्थात कंपनीचे स्वतःचे नियंत्रण अधिकृत अ‍ॅपमध्ये बंद करता येत नाही, ते सर्वांत खालचा थर म्हणून राहतेच.

याची दुसरी बाजू एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तानात दिसली. तेथील सरकारच्या मागणीवरून ब्लूस्कायने ७२ खाती त्या देशातील वाचकांपासून झाकली. हे झाकणेही लेबलाच्याच मार्गाने झालेले असल्यामुळे, ज्या इतर अ‍ॅपांनी ते प्रादेशिक लेबल वाचलेच नाही, त्यांत ती खाती दिसत राहिली. हे स्वातंत्र्य मानायचे की तात्पुरती फट, याविषयी मतभेद आहेत. मला ती फट वाटते, कारण अ‍ॅप दुकानांवर दबाव आणणे कोणत्याही सरकारला अवघड नसते.

माझ्या पोस्टची मालकी माझीच असते ना?

लेखनावरील हक्क आपलाच राहतो. पण जमिनीच्या व्यवहारात आपण जसे विचारतो की जमीन कसणारा कोण आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे, तसे येथेही विचारले पाहिजे. मॅस्टोडॉनवर आपला पत्ता सर्व्हरच्या नावाने संपतो, म्हणजे उताऱ्यावर नाव अ‍ॅडमिनचे आहे. त्याचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नोंदणीकृत नाव, गेले की आपला पत्ताही गेला.

असे घडलेले आहे. क्विअर डॉट एएफ या सर्व्हरचे नाव अफगाणिस्तानच्या राष्ट्रीय डोमेनखाली घेतलेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबान सरकारच्या अखत्यारीतील नोंदणी खात्याने ते निलंबित केले आणि सर्व्हर एका दिवसात दिसेनासा झाला. सर्व्हरचे यंत्र सुस्थितीत होते, विदागार (डेटाबेस) शाबूत होते, फक्त नाव गेले होते. सर्व्हर निवडताना लोक रंगसंगती आणि सदस्यसंख्या पाहतात. डोमेनचा शेवटचा भाग कोणत्या देशाचा आहे, हेही पाहून घ्यावे.

सर्व्हर बदलल्यास बरोबर काय येते आणि काय मागे राहते?

मॅस्टोडॉनमध्ये फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. आपण ज्यांना फॉलो करतो, ज्यांना ब्लॉक किंवा म्यूट केले आहे, त्यांच्या याद्या आणि बुकमार्क सीएसव्ही फाइलींतून उतरवून नव्या जागी चढवता येतात. पोस्टा मात्र येत नाहीत. त्यांचे गाठोडे मागवता येते, परंतु नव्या सर्व्हरवर ते सोडण्याची सोय नाही.

माझे पहिले खाते एका लहान सर्व्हरवर होते. अ‍ॅडमिन सज्जन होता, पैसे संपले म्हणून त्याने सर्व्हर बंद करण्याची सूचना लावली आणि मी ती उशिरा पाहिली. गाठोडे उतरवले ते शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री. उघडल्यावर आत चित्रांची एक फाइलपेटी आणि ‘आउटबॉक्स’ नावाची एक भलीमोठी जेसन फाइल निघाली. तिच्यात दोन वर्षांचे माझे लेखन होते, पण प्रत्येक वाक्य एचटीएमएलच्या खुणांत गुंडाळलेले, आणि ज्यांना मी उत्तरे दिली होती त्यांचे मूळ प्रश्न गायब, कारण ते माझे नव्हतेच. फोनवरच्या संभाषणातला एकाच बाजूचा आवाज ऐकावा तसे ते वाचताना वाटले. डेटा आपला असतो म्हणजे आपल्या बाजूचा असतो, संभाषण कोणाचेच नसते, हे मला तेव्हा उमगले.

स्थलांतरासाठी जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो, कारण ‘हे खाते तिकडे गेले’ ही सूचना त्याच्याकडूनच सुटते. म्हणून मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे असेल, तर बंद करण्यापूर्वी किमान तीन महिन्यांची सूचना देणे, रोज बॅकअप घेणे आणि अडचणीच्या वेळी सर्व्हर सांभाळू शकणारी आणखी एक तरी व्यक्ती असणे, अशी हमी अ‍ॅडमिनला द्यावी लागते. आपल्या सर्व्हरने ही हमी दिली आहे का, हे आजच पाहून ठेवावे.

ब्लूस्काय आणि नोस्टर येथे हीच अडचण येते का?

कमी येते, मात्र तिची जागा दुसरी अडचण घेते. ब्लूस्कायवर आपली ओळख सर्व्हरच्या नावाशी बांधलेली नसून एका स्वतंत्र ओळखक्रमांकाशी असते. त्यामुळे आपला मजकूर दुसऱ्या सर्व्हरवर हलवला तरी पोस्टा, फॉलोअर आणि ओळख कायम राहते, आणि आपल्या मालकीचे डोमेन असेल तर तेच आपले नाव म्हणून वापरता येते. पण बहुतेकांचा ओळखक्रमांक ज्या नोंदवहीत आहे, ती आजवर ब्लूस्काय कंपनीच सांभाळत आली आहे. त्या पद्धतीच्या नावातील ‘पीएलसी’ ही अक्षरे मुळात ‘प्लेसहोल्डर’, म्हणजे तात्पुरती सोय, या शब्दावरून आली. तात्पुरत्या सोयी किती टिकतात, हे आपल्याकडे सांगायला नको. शिवाय ओळख बदलण्याची किल्ली सहसा सर्व्हरकडेच असते. स्वतःची वेगळी किल्ली नोंदवता येते, पण ते करणारे विरळा.

नोस्टरवर सर्व काही किल्लीवर, म्हणजे एका लांबलचक गुप्त संकेतावर, चालते. खासगी किल्ली जवळ असेपर्यंत खाते कोणीही काढून घेऊ शकत नाही. ती हरवली तर कोणीही ते परत देऊ शकत नाही, आणि ती चोरीला गेली तर चोर आणि आपण यांत फरक करणारा कोणी नसतो.

पोस्ट पुसली की ती खरोखर पुसली जाते का?

आपल्या सर्व्हरवरून पुसली जाते. बाकीच्यांना पुसण्याची विनंती जाते, आणि प्रामाणिकपणे चालवलेले सर्व्हर ती पाळतात. त्या वेळी बंद असलेले किंवा मुद्दाम न पाळणारे सर्व्हर प्रत तशीच ठेवू शकतात.

खासगी संदेश कितपत खासगी असतात?

फार नाहीत. मॅस्टोडॉनवरील खासगी संदेश पाठवणाऱ्याच्या आणि मिळणाऱ्याच्या सर्व्हरवर उघड्या स्वरूपात साठतात. अ‍ॅडमिनने मनात आणले तर विदागार उघडून तो ते वाचू शकतो. याहून घातक सापळा साधा आहे. समजा, आपण मैत्रिणीला खासगीत लिहिले की ‘या अमक्याने मला फार त्रास दिला’ आणि अमक्याचा पूर्ण पत्ता अ‍ॅट चिन्हासह टंकित केला. तो संदेश त्या अमक्यालाही पोहोचतो, कारण ज्याचा उल्लेख झाला तो प्राप्तकर्ता, असा नियम आहे. ब्लूस्कायचे खासगी संदेश तर विकेंद्रित जाळ्यात नसतातच, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तेथे आपण कोणाला ब्लॉक केले आहे, ही माहितीदेखील सार्वजनिक असते. म्यूट मात्र खासगी राहते.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा डॉट सोशल या सर्व्हरच्या एका अ‍ॅडमिनच्या घरावर एफबीआयचा छापा पडला. छाप्याचा सर्व्हरशी संबंध नव्हता, पण विदागाराची कूटबद्ध नसलेली प्रत त्या वेळी घरातील यंत्रावर होती आणि इतर उपकरणांबरोबर तीही जप्त झाली. गुपित बोलायचे असेल तर त्यासाठी दुसरी साधने आहेत.

माझे लेखन एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ शकते का?

सार्वजनिक पोस्टांबाबत होय. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूस्कायवरील १० लाख पोस्टांचा संच हगिंग फेस या एआयची साधने आणि डेटासंच ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ठेवला गेला आणि टीकेनंतर काढला गेला. त्यासाठी कोणाला घरफोडी करावी लागली नव्हती. नवी अ‍ॅपे बनवता यावीत म्हणून जो प्रवाह सर्वांसाठी खुला ठेवलेला आहे, त्याच प्रवाहातून तो भरला गेला होता. दार उघडे ठेवले की हवा येते, तशी धूळही येते.

भारतीय कायदा येथे लागू होतो का?

भारतातून सर्व्हर चालवणारी व्यक्ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दृष्टीने ‘मध्यस्थ’ ठरू शकते. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवरील जादा जबाबदाऱ्या तिच्यावर येणार नाहीत. पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे आणि तक्रारी मुदतीत निकाली काढणे, यांसारख्या मूळ अटींतून संख्या कमी आहे म्हणून सुटका होत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. त्यात डेटा दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. मात्र जी माहिती आपण स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच होत नाही. आपला डेटा एका सेवेकडून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, अंतिम कायद्यातून तो गळला. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात तो आहे. म्हणजे स्थलांतराची जी सोय आपल्याला मॅस्टोडॉनच्या प्रोग्रामरांनी दिली, ती आपल्या कायद्याने दिलेली नाही.

मराठी लोकांसाठी वेगळा सर्व्हर काढावा का?

तांत्रिक अडचण फारशी नाही, थोड्या माणसांसाठी भाड्याचा लहान सर्व्हर पुरतो. अडचण असते ती रात्री अकरा वाजता आलेली तक्रार कोण पाहणार, ही. कोणी तरी कोणाला तरी जातीवरून बोललेले असते, दोघेही ओळखीचे असतात, दोघेही वर्गणी भरत असतात. गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर ज्यांनी काम केले आहे, त्यांना हा प्रसंग नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून पहिल्या सदस्याचे खाते उघडण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर असाव्यात : नियम, निर्णय घेणाऱ्या किमान तिघांची नावे, आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची रीत. डोमेन एका व्यक्तीच्या नावावर न ठेवता नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्यावे आणि नूतनीकरणाची सूचना दोघांच्या ईमेलवर येईल असे पाहावे. बॅकअप ठेवलेल्या जागेचा पासवर्ड एकट्या अ‍ॅडमिनलाच माहीत असेल, तर तो गावी गेलेला असताना यंत्र बिघडणार, हे गृहीत धरावे.